नशीब काढलंस, मग रडतेस कशाला?

(संघटनेच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

गेली अकरा वर्षं मी याच खोलीत टेबलाच्या त्या बाजूला बसते. समोर येऊन बसलेल्या बाईला पाण्याचा पेला देते आणि म्हणते, "सावकाश सांगा, घाई नाही." आज मला या बाजूला बसायचं आहे. विषय माझाच आहे.

तुम्हाला बहुतेकींना ठाऊक आहे की दिवाळीनंतर मी जर्मनीला चालले आहे, स्टुटगार्टला. नवरा इंजिनियर आहे, त्याला तिकडच्या मोटार कंपनीत नोकरी लागली. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांतून तिकडे जाणं आता पुण्यात नवलाचं राहिलेलं नाही. बातमी कळली तशी सगळे म्हणाले, "नशीब काढलंस!" शेजारच्या काकूंनी पेढे मागितले. मी दिले. आणि त्या रात्रीपासून पहाटे तीनला जाग येऊ लागली.

छातीत धडधडतं. डोक्यात हिशेब चालू होतो: तेवीस किलोंच्या बॅगेत काय बसेल, गॅसचं कनेक्शन, आईचे गुडघे, बँकेचं काम. मग हिशेब संपतो आणि नुसती भीती उरते, जिला नावच देता येत नाही. एका संध्याकाळी पोळपाट न्यायचा की नाही यावरून मी अर्धा तास रडले. मी! जी रोज बायकांना "घाबरू नका" म्हणते.

मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा चिंता या विषयावर पेपर लिहिला होता, चांगले मार्क मिळाले होते. स्वतःच्या धडधडीला त्याचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो इथे भेटलेल्या बायकांचा. म्हणून त्यांच्याबद्दल बोलते.

आपल्याकडे मुलगी सासरी निघाली की तिला रडायची मुभा असते. आई रडते, आत्या रडते, बापही कोपऱ्यात डोळे पुसतो. रडली नाही तर लोकच म्हणतात, "मुलगी भारी कठोर हो!" पण तीच मुलगी विमानाने सासरी निघाली की सगळं उलटं होतं. परदेश म्हणजे भाग्य, आणि भाग्यावर कोण रडतं? म्हणून ती हसून फोटो काढते आणि भीती गिळते. मागे एक मुलगी आमच्याकडे आली होती. लग्न ठरलं, नवरा अमेरिकेत. तीन आठवडे अन्न जात नव्हतं. घरच्यांनी आधी पित्ताचं औषध दिलं, मग दृष्ट काढली. मी तिला विचारलं, "तुला भीती वाटते का गं?" ती म्हणाली, "ताई, हे मला आत्तापर्यंत कोणी विचारलंच नाही."

भीती वाटणं हा आपला नेभळटपणा, असं आपण धरून चालतो. इतिहास तसं सांगत नाही. फेब्रुवारी १८८३ मध्ये कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला, कॉलेजच्या सभागृहात, सतरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या. विषय होता, मी अमेरिकेला का जाते. एकटी का जातेस, इथे शिकायची सोय नाही का, लोक वाळीत टाकतील त्याचं काय, परक्या मुलखात संकट आलं तर काय करशील, असे एकेक प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि उत्तरं दिली. लोक पाठीमागे जे कुजबुजत होते ते त्यांनी भरसभेत उघडं केलं. एप्रिलमध्ये त्या बोटीत बसल्या. १८८६ साली डॉक्टर झाल्या. आपण त्यांचं धैर्य सांगतो. पण धैर्याच्या आधी त्यांनी भीतीची यादी केली होती, हे सांगायला विसरतो.

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. त्यांच्यासोबत आनंदीबाई भगत नावाची एक बाई होती. वाँटेज या गावी काही महिन्यांतच त्या बाईने आत्महत्या केली. तिचं नाव आपण फारसं घेत नाही. जी पोचते आणि मोठी होते तिची जयंती होते. जी मोडते ती तळटिपेत जाते. म्हणून मला वाटतं, हा विषय "सामान काय न्यावं" एवढ्यावर सोडून चालणार नाही.

आता मी काय केलं ते सांगते. एका रात्री तीनला उठले, दिवा लावला आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ते माणसं, जागा, सवयी सुटण्याचं: आई, हे केंद्र, मंडईतली ठरलेली भाजीवाली, डिसेंबरात साडेचारलाच मावळणारा तिकडचा सूर्य. उजवीकडे लिहिलं ते दुसऱ्यावर अवलंबून राहण्याचं: माझा पगार बंद होणार, भाषा येत नाही, राहण्याचा परवाना नवऱ्याच्या नोकरीमुळे, डॉक्टरकडे जायचं तर तो सोबत हवा.

दोन्ही बाजूंना धडधड एकच, पण औषध वेगळं. डावीकडची भीती म्हणजे वियोग. तो सोसावा लागतो, आणि सोसायला माणसं लागतात. उजवीकडची भीती मात्र खरी माहिती देते. ती सांगते, इथे तुझी सत्ता कमी आहे, काहीतरी कर. घोळ असा होतो की आपण दोन्हींची एकच मोट बांधतो. मग आई म्हणते, "होईल सवय." वियोगाची सवय होते हो. परावलंबनाची सवय होऊ नये म्हणून तर ही संघटना आहे!

उजवी बाजू घेऊन मी कामाला लागले. आधी कायदा वाचला. जर्मनीत ब्लू कार्डवर गेलेल्या माणसाच्या बायकोला नोकरीची मोकळीक असते. अमेरिकेत एच-४ व्हिसावर गेलेल्या बायकांना २०१५ पर्यंत ती नव्हतीच. त्या वर्षी नियम बदलला, तोही नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत पोचलेल्यांपुरता. त्यामानाने माझं बरं. पण समाजकार्याच्या पदवीला तिथे सरकारी मान्यता घ्यावी लागते, आणि भाषा चांगली आल्याशिवाय ती मिळत नाही. दुसरं असं की बायकोचा राहण्याचा परवाना लग्नावर टेकलेला असतो. तिथे एकत्र संसाराची तीन वर्षं झाली की तिला स्वतंत्र हक्क मिळतो. त्याआधी छळ झाला तर अपवाद आहे, पण तो अपवाद आहे हे तिला माहीत तर हवं!

हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो दुखावला. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" म्हणाला. दोन दिवस घरात अबोला होता. आमचं लग्न प्रेमाचं आहे आणि तो भला माणूस आहे, हे तुम्ही जाणता. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अरे, प्रश्न तुझ्या स्वभावाचा नाही. माझ्या परवान्याला तुझा आधार लागतो, तुझ्या परवान्याला माझा लागत नाही. तुझ्या जागी मी असते तर तुला झोप लागली असती का?" तो काही बोलला नाही. रात्री त्याने ते कागद माझ्याकडून मागून घेतले आणि वाचले. सकाळी म्हणाला, "परतीच्या तिकिटाएवढे पैसे तुझ्या एकटीच्या खात्यावर ठेवू." मैत्रिणींनो, त्या रात्री मी पहिल्यांदा सहा तास झोपले.

मग भाषा. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला जाण्याआधी जर्मनची परीक्षा सक्तीची नाही. "तिकडे गेल्यावर शीक निवांत," सगळे म्हणाले. पण माझं काम म्हणजे बोलणं. बोलण्यावाचून माझ्या हातात दुसरं हत्यार नाही. मी मॅक्सम्युलर भवनात नाव घातलं. वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं, आणि चौतिशीतली मी. बाईंनी साधा प्रश्न विचारला, तुम्ही काय काम करता? मला सांगायचं होतं, मी बायकांचं ऐकते, त्यांच्यासाठी भांडते. तोंडातून काही येईना. मान खाली घालून बसले.

आणि एकदम आठवली ती आमच्याकडे येणारी तांड्यावरची बाई. तिची भाषा गोरमाटी, आमची शाळेतली मराठी. ती गप्प बसायची आणि मी नोंदवहीत लिहायचे, "सहकार्य करत नाही." अकरा वर्षांत जे कळलं नाही ते त्या बाकावर कळलं. तिची मी या सभेत माफी मागते.

बाकीची कामं भराभर सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाची लेक, भाची, सून उद्या निघेल. पासपोर्ट आपल्याजवळ ठेवायचा. कायद्याने पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, तो काढून घ्यायचा अधिकार सासूला नाही, नवऱ्याला नाही आणि आखातातल्या मालकालाही नाही. घरकामाला कुवेतला जाणाऱ्या बाईला हे वाक्य पाठ करायला लावा. लग्नाचा दाखला, पदवीची कागदं, सगळ्याच्या प्रती आईकडे एक संच. त्या देशातले मदतीचे नंबर आधीच वहीत लिहा. जर्मनीत पोलीस ११०, रुग्णवाहिका ११२, आणि बायकांवरच्या हिंसेसाठी ११६०१६, तिथे दुभाषेही मिळतात. २००९ पासून आपल्या वकिलातींकडे अडचणीतल्या भारतीयांसाठी कल्याण निधी आहे. परदेशस्थ नवऱ्याने फसवलं तर राष्ट्रीय महिला आयोगाचा खास कक्ष आहे. हे सगळं लिहून ठेवणं म्हणजे अपशकुन नव्हे. आपण घरात मेणबत्ती ठेवतो, तेव्हा काही वीज जावी म्हणून ठेवत नाही!

आता डावी बाजू. तिथे करण्यासारखं थोडं आहे. रोज पाऊण तास चालते. पहाटे जाग आली तर अंथरुणात लोळत न राहता उठून बसते, श्वास सावकाश सोडते. आणि रडू आलं की रडते, मोरी न शोधता. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, जगणं नको वाटतं असं झालं तर अंगारे-धुपारे न करता डॉक्टरांकडे जायचं. १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून आहे, टेलि-मानस नावाचा, तिथे फुकट बोलता येतं.

माझ्या आईची एक गोष्ट सांगते आणि थांबते. तिने माझ्यासाठी दोन किलो लोणी जमवून तूप कढवलं. मी नियम वाचला, युरोपात दुधाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत. सांगायला धीर होईना. शेवटी सांगितलं. ती बरणीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग मी तुला काय देऊ?" त्या एका वाक्यात कळलं की दोन महिने तीही पहाटे तीनला जागी होती, भिंतीच्या पलीकडे. आम्ही दोघी एकमेकींपासून भीती लपवत होतो. त्या रात्री स्वयंपाकघरात बसून दोघींनी भीत्या सांगितल्या. तिची सगळ्यात मोठी भीती ही की, मी आजारी पडले तर ही येऊ शकणार नाही. तिला मी "असं काही होणार नाही" असं म्हटलं नाही. भावाला बोलावलं, शेजारच्या काकूंना किल्ली दिली, डॉक्टरांचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिला. ती म्हणाली, "आता जा." तूप वाटून टाकलं. आज चहाबरोबर जे बेसनाचे लाडू खाणार आहात, ते त्याचेच.

एक मागणं आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी इथे परदेशी निघालेल्या बायका आणि त्यांच्या आया यांची बैठक सुरू करावी. आय.टी.तल्या मुलीला आणि आखातात घरकामाला निघालेल्या बाईला एकाच सतरंजीवर बसवा. एकीला कायदा ठाऊक असेल, दुसरीला एकटं राहणं. वहीवर मधोमध रेघ मारा आणि प्रत्येकीला विचारा, "तुला भीती वाटते का?" पहिल्या दोन बैठका मी घेईन, मग मी निघेन. तिसरीची जबाबदारी कोण घेतं? हात वर करा, म्हणजे मी नाव लिहून घेते.