दोष बोटाचा की काचेचा?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आजच्या अजेंड्यावर एक विषय आहे, गटांच्या हिशेबासाठी टॅब घ्यायचा की मोठ्या पडद्याचा मोबाइल. तीन दरपत्रकं आली आहेत. तिन्हींत रॅम आहे, बॅटरी आहे, कॅमेरा आहे. पण पडदा बोटाला किती लवकर आणि किती बरोबर दाद देतो, हे एकाही कागदावर नाही. आपलं तर सगळं काम बोटावर चालतं. बचत टाकायची बोटाने, कर्जाचा हप्ता नोंदवायचा बोटाने, पैसे पाठवायचे तेही बोटाने. म्हणून आज मी फक्त टचबद्दल बोलणार आहे.

गावोगावच्या सभांना जाते तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येतं. "ताई, तूच दाब गं, माझं बोट त्याला कळतच नाही." हे वाक्य साधं वाटतं, पण त्याच्या पुढे काय होतं ते बघा. एकदा मुलगा दाबून देतो, दुसऱ्यांदा पुतण्या. तिसऱ्यांदा पिन त्यालाच सांगून ठेवलेला असतो, आणि चौथ्यांदा खात्यात किती पैसे आहेत हेही मावशी त्यालाच विचारतात. सही शिकायला, बँकेत स्वतः जायला आपण किती वर्षं घालवली! ते सगळं एका काचेपायी हातातून जायला नको. म्हणून दोष बोटाचा आहे की काचेचा, हे आधी समजून घेऊ.

काचेला बोट कळतं कसं?

आजच्या मोबाइलच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणारी, उभ्याआडव्या रेघांची बारीक जाळी असते. त्या जाळीत अगदी थोडी वीज खेळत असते. आपल्या शरीरातून वीज वाहते. बोट टेकलं की त्या जागची थोडी वीज बोटाकडे ओढली जाते, आणि आतली चिप ओळखते की बोट इथे आहे. या प्रकाराला कपॅसिटिव्ह टच म्हणतात.

यावरून तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, नखाने ठोकून काही होत नाही, कारण नखातून वीज जात नाही. दुसरी, जोर लावून उपयोग नाही. बोटाचा मऊ भाग सपाट टेकला की पुरतं. तिसरी, हात फार कोरडे, भेगा पडलेले, घट्टे पडलेले असतील तर कातडीचा जाड थर मधे येतो आणि खूण कमी पोचते. म्हणजे खुरपणी करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हाताला टच कमी दाद देतो ही खरी गोष्ट आहे. तुमच्या हुशारीशी तिचा काही संबंध नाही.

इथे एक घोटाळा होतो तोही सांगते. रेशन दुकानात किंवा बँक सखीकडे अंगठा लागत नाही, तो प्रश्न वेगळा. तिथलं यंत्र अंगठ्यावरच्या रेषा वाचतं, आणि कामाने रेषा झिजतात. मोबाइलच्या टचला रेषा लागत नाहीत. त्यामुळे अंगठा लागत नाही म्हणून मोबाइलही चालणार नाही, असं धरून बसू नका.

उशीर मोजता येतो

"हा फोन एकदम फास्ट आहे" असं दुकानदार म्हणतो. फास्ट म्हणजे किती, हे मोजता येतं. बोट टेकल्यापासून पडद्यावर फरक दिसेपर्यंत किती वेळ गेला, ते मोजायचं. हा वेळ मिलिसेकंदात सांगतात. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मिलिसेकंद.

२०१३ साली अमेरिकेतल्या अगावी नावाच्या कंपनीने हेच केलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर बोट टेकवून वेळ मोजला. आयफोन ५ ला ५५ मिलिसेकंद लागले. सॅमसंग गॅलेक्सी एस ४ ला ११४ लागले, म्हणजे दुपटीहून जास्त. आणि गंमत बघा, २०१० साली आलेला जुना आयफोन ४, त्याला ८५ लागले. म्हणजे तीन वर्षं जुना फोन त्या वर्षीच्या नव्याकोऱ्या फोनच्या पुढे गेला.

मग त्यांनी टॅबही मोजले. आयपॅड मिनी ७५, मोठा आयपॅड ८१, मायक्रोसॉफ्टचा सरफेस आरटी ९५, ॲमेझॉनचा किंडल फायर एचडी ११४, गूगलचा नेक्सस ७ १३५ आणि सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ३ १६८. यात छोटा आयपॅड मिनी मोठ्या आयपॅडपेक्षा स्वस्त होता, तरी तोच थोडा पुढे निघाला.

यातलं एकही यंत्र आपण आज घेणार नाही, ती सगळी जुनी झाली. कंपन्यांची क्रमवारीही तेव्हापासून बदलली असेल. पण धडा जुना झालेला नाही. नवीन आहे म्हणून चपळ असेल असं नाही, आणि महाग आहे म्हणूनही नाही. हातात घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. भाजी घेताना आपण भेंडी मोडून बघतो ना, तसंच.

आता हा उशीर आपल्याला जाणवतो का? नुसतं बटण दाबताना शंभर मिलिसेकंद फारसे जाणवत नाहीत. पण बोट ओढताना, म्हणजे यादी वर सरकवताना किंवा पडद्यावर सही करताना, लगेच जाणवतात. २०१२ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक प्रयोग दाखवला होता. पडद्यावरचा चौकोन बोटाने ओढायचा. उशीर शंभर मिलिसेकंदांचा असला की चौकोन बोटाच्या मागे रेंगाळतो. एक मिलिसेकंदावर आणला की बोटाला चिकटल्यासारखा बरोबर चालतो.

स्वस्त टॅबची आपल्याच देशातली गोष्ट

५ ऑक्टोबर २०११ ला सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब आणला होता. सात इंचांचा पडदा, पण टच वेगळ्या प्रकारचा, रेझिस्टिव्ह. म्हणजे दोन पातळ थर, वरचा दाबून खालच्याला टेकवायचा. त्यात बोट हलकं टेकवून भागत नाही, दाबावं लागतं. आतला प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा आणि रॅम २५६ एमबी. टॅब संथ चालतो आणि टच नीट नाही, अशी टीका खूप झाली. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, 'आकाश २' आला. त्यात कपॅसिटिव्ह टच घातला, प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा केला आणि रॅम ५१२ एमबी केली.

बघा, नुसती काच बदलून भागलं नाही, आतलं इंजिनही बदलावं लागलं. बैल चपळ असून चालत नाही, गाडीही नीट हवी.

जाहिरातीतले हर्ट्झ

डब्यावर '१२० हर्ट्झ डिस्प्ले', '२४० हर्ट्झ टच सॅम्पलिंग' असं लिहिलेलं असतं. हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिला सांगतो की पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र काढतो. दुसरा सांगतो की सेकंदाला किती वेळा बोट शोधतो. २४० वेळा शोधणं म्हणजे साधारण दर चार मिलिसेकंदांनी.

गेम खेळणाऱ्यांना याचा उपयोग आहे. आपल्याला बचतीचे आकडे भरायचे आहेत. त्यासाठी साधा ६० हर्ट्झचा पडदाही पुरतो. या आकड्यासाठी जास्त पैसे मागितले, तर तेच पैसे जास्त रॅम आणि जास्त स्टोरेजवर घाला. मेमरी भरलेला फोन कितीही हर्ट्झचा असला तरी अडखळतोच.

उशीर नक्की कुठे होतोय?

तक्रार एकच असते, "लवकर होत नाही". पण उशीर तीन ठिकाणी होऊ शकतो: काचेत, फोनच्या आत, नाहीतर नेटवर्कमध्ये. ओळखायची सोपी युक्ती सांगते. नेट बंद करा आणि कॅल्क्युलेटर उघडा. भराभर आकडे दाबा.

आकडे पटापट उमटले, तर काच आणि फोन दोन्ही ठीक आहेत, रेंजचा प्रश्न आहे. सगळेच आकडे उशिरा पण बरोबर उमटले, तर फोन दमलाय. मेमरी रिकामी करा, एकदा बंद करून चालू करा. काही आकडे उमटलेच नाहीत, तर प्रश्न काचेचा किंवा बोटाचा.

पैशांच्या वेळी ही ओळख फार कामाची. पैसे पाठवताना गोल फिरत राहिलं की आपण घाबरून परत पाठवतो, आणि दोनदा जातात. गोल फिरतंय याचा अर्थ तुमचं बोट फोनला कळलंय, वाट नेटवर्कची आहे. अशा वेळी आधी व्यवहारांची यादी बघा, बँकेचा मेसेज बघा. 'पेंडिंग' दिसत असेल तर थांबा. पुन्हा पिन टाकू नका.

घरच्या घरी करायचे उपाय

हात फार कोरडा असेल तर थोडं तेल किंवा मलम चोळा, पुसून घ्या, मग फोन धरा. एक बोट चालत नसेल तर दुसरं वापरून बघा. करंगळीशेजारचं बोट कामात कमी घासतं, ते बऱ्याचदा चालतं.

ओल्या हाताने धरू नका. पाण्यातूनही वीज जाते, त्यामुळे थेंब कुठला आणि बोट कुठलं हे फोनला कळेनासं होतं. पीठ, हळद, तेल लागलेली काच मऊ कोरड्या कापडाने पुसा.

जाड काचेचा स्क्रीन गार्ड किंवा बुडबुडे आलेलं प्लॅस्टिक टच कमी करतं. ते काढून एकदा तपासा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये, सेटिंगमध्ये डिस्प्लेच्या खाली 'टच सेन्सिटिव्हिटी' असते, ती चालू करा.

चार्जिंगला लावल्यावरच बोट इकडे आणि बटण तिकडे होत असेल, तर चार्जरवर संशय घ्या. हलक्या चार्जरमधून येणारी खराब वीज त्या जाळीला गोंधळात टाकते. वायर काढून काम करा.

बोट टेकवून ठेवायची सवय असेल तर फोनला वाटतं तुम्हाला दुसरंच काही हवंय, आणि भलताच मेनू उघडतो. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' असतो, तो लाँग करा. आणि शेजारचंच बटण दाबलं जात असेल तर 'डिस्प्ले साइझ' वाढवा. बटण किमान नऊ मिलिमीटरच्या आसपास असावं, असं गूगलच अ‍ॅप बनवणाऱ्यांना सांगतं. टॅबचा खरा फायदा इथे आहे. तो मोबाइलपेक्षा चपळ असतोच असं नाही, पण बटणं मोठी दिसतात.

दुकानात काय करायचं?

आता आपल्या खरेदीचं. दुकानात गेल्यावर एवढं करा.

१. कॅल्क्युलेटरवर बारा हप्त्यांची बेरीज करा. एकही आकडा सुटता कामा नये.
२. चित्र काढायचं किंवा नोंदीचं अ‍ॅप उघडून कडेपासून कडेपर्यंत रेघा ओढा, उभ्या आणि आडव्या. जिथे रेघ तुटते तिथे काच आंधळी आहे.
३. चार कोपरे वेगळे तपासा.
४. चार्जर लावून पुन्हा रेघा ओढा.
५. मराठी कीबोर्डवर गटाचं नाव, अध्यक्ष आणि सचिवांची नावं लिहा. जोडाक्षरं किती वेळात होतात ते बघा.
६. जो गार्ड पुढे लावणार तोच लावून घ्या, आणि मग परत एकदा बेरीज करा.

दोन-तीन यंत्रं शेजारी ठेवून एकाच बाईने हे करावं, म्हणजे तुलना खरी होते. आणि ती बाई कोण असावी? दुकानदाराच्या मुलाच्या मऊ बोटांनी परीक्षा घेऊन आपला निर्णय होत नाही. ज्या ताई रोज हिशेब भरणार, त्या हव्यात. शिवाय ज्यांचे हात सगळ्यांत राठ आहेत, अशा एक मावशी हव्यात. त्यांच्या बोटाला जे यंत्र दाद देईल, ते सगळ्यांना चालेल.

म्हणून माझी विनंती अशी आहे की आजच ठराव लिहावा: खरेदी समितीत हिशेब लिहिणाऱ्या दोन सदस्या आणि शेतात काम करणाऱ्या एक ज्येष्ठ सदस्या असतील, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तपासल्याशिवाय बिल दिलं जाणार नाही. सूचक कोण, अनुमोदक कोण, हात वर करा.

आणि पुढच्या सभेत कुणी "तूच दाब गं" म्हणालं, तर मी दाबणार नाही हं. शेजारी बसेन, गार्ड काढेन, सेटिंग बदलून देईन. पण बोट तुमचंच टेकेल.