लेवी बॉडी स्मृतिभ्रंश : मेंदूच्या चित्रणातून वेळीच निदान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



घरातील आजोबा सकाळी हिशेब अचूक तपासतात आणि दुपारी त्यांना स्वतःची खोली सापडत नाही. सायंकाळी कोपऱ्यात अनोळखी मुले बसलेली दिसतात. रात्री झोपेत ते ओरडतात, हातपाय झाडतात. कोणी म्हणते वय झाले, कोणी बाधा मानते. वस्तुतः ही लेवी बॉडी स्मृतिभ्रंशाची लक्षणे असू शकतात.

१९१२ साली फ्रेडरिक लेवी यांनी कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत सूक्ष्म गोलक पाहिले. पुढे १९७६ पासून जपानच्या केंजी कोसाका यांनी त्यांचा स्मृतिभ्रंशाशी असलेला संबंध उलगडून दाखविला.

निदानाची निकड का? भास थांबविण्यासाठी हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिल्यास यांतील अनेक रुग्णांचे शरीर ताठरते, शुद्ध हरपते, प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून ‘आल्झायमर की लेवी बॉडी’ हा प्रश्न केवळ नावाचा नाही.

येथे चित्रण साहाय्यास येते. शिरेतून अल्प किरणोत्सारी द्रव्य देऊन स्पेक्ट कॅमेऱ्याने डोपामिन-वाहकांचे चित्र घेतात. निरोगी मेंदूत दोन तेजस्वी स्वल्पविराम दिसतात. डोपामिनचे तंतू झिजले की शेपूट मावळून पूर्णविराम उरतात. आल्झायमरमध्ये स्वल्पविराम बहुधा शाबूत असतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात या तपासणीची संवेदनक्षमता सुमारे ७८ टक्के, तर विशिष्टता ९० टक्के आढळली. एमआरआयमध्ये स्मृतीचा भाग तुलनेने टिकून असणे आणि पेट चित्रणात मेंदूच्या मागील, दृष्टीच्या भागात ग्लुकोजचा वापर मंदावणे, हेही पूरक संकेत होत.

२०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या तपासणीला मानाचे स्थान आहे; २०२० साली पूर्वावस्थेसाठीही संशोधन-निकष मांडले गेले. तथापि चित्र म्हणजे निकाल नव्हे. ते निर्दोष आले तरी रोग नाहीच असे म्हणता येत नाही, आणि कंपवातातही ते सदोष येते. रुग्णाची हकीकत हाच निदानाचा पाया होय.

हा रोग आज बरा होत नाही. परंतु रिव्हास्टिग्मिन, डोनेपेझिल यांसारख्या औषधांनी भास व गोंधळ कमी होऊ शकतो आणि घातक औषध टाळता येते. ज्येष्ठांना भास होत असतील तर त्यांना हसू नका, रागावू नका. काय दिसते, केव्हा दिसते, हे लिहून ठेवा व डॉक्टरांना दाखवा. ती वही कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची आहे.