दानाची राखण

मुंबईहून पश्चिम रेल्वेनें उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशाला वैतरणेचा पूल ओलांडल्यावर सफाळें, केळवें, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगांव आणि डहाणू अशीं स्टेशनें क्रमानें लागतात. लोहमार्गाच्या पश्चिमेस वाड्या व कोळीवाडे. पूर्वेस डोंगरापर्यंत पसरलेले वारल्यांचे आणि कातकऱ्यांचे पाडे. आणि मध्यें बोईसर-तारापूरची मोठी औद्योगिक वसाहत. तारापूरच्या किनाऱ्यावर १९६९ सालीं देशांतलें पहिलें अणुवीज-केंद्र वीज देऊं लागलें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून हा मुलूख वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वांत आला. संपत्ति आणि दैन्य येथें एकमेकांच्या इतक्या जवळ नांदतात कीं धर्मादाय संस्थांना ह्या जिल्ह्यांत कामाची वाण कधींच पडलेली नाहीं.

ह्या कामाची परंपराहि जुनी आहे. बोर्डीची गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा सुनाबाई पेस्तनजी हकीमजी ह्या नांवानें ओळखली जाते. एका पारशी घराण्यांतलें नांव पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं राहिलें आहे. त्याच बोर्डींत १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि ज्या 'अंगणवाडी'चें नांव आज देशभर घेतलें जातें तिचें बीज ह्या परिसरांत रुजलें. ताराबाई १९७३ सालीं निवर्तल्या आणि अनुताई १९९२ सालीं. माणसें जावयाचींच, परंतु त्यांच्या पश्चात् पाड्यावरच्या मुलाची शाळा राहावी कीं जावी, हा प्रश्न दैवावर सोडण्याजोगा नाहीं.

दान मिळवितांना पडणारे कष्ट सर्वांना दिसतात. मिळालेलें दान राखतांना पडणारे कष्ट कोणालाच दिसत नाहींत. संस्था केवळ पैशाच्या अभावींच मोडते असें नाहीं. मुदतींत न गेलेला एक अर्ज, कमी रकमेचा उतरविलेला एक विमा किंवा चुकलेलें एक नूतनीकरण, एवढ्यानेंहि तीस वर्षांची संस्था जमीनदोस्त होऊं शकते.

प्रथम कायद्याकडे पाहावें. महाराष्ट्रांत धर्मादाय संस्थांचा कारभार १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त-व्यवस्था कायद्यानें चालतो. मूळचा हा मुंबई राज्याचा कायदा. आतां त्याला महाराष्ट्राचें नांव मिळालें आहे. दारिद्र्यनिवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य आणि सार्वजनिक उपयोगाचीं इतर कामें यांसाठीं निघालेल्या विश्वस्त-संस्थेची धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत नोंद करावी लागते. विश्वस्त बदलला, निवर्तला किंवा नवी मिळकत आली, कीं ९० दिवसांच्या आंत तसा अर्ज द्यावा लागतो. 'चेंज रिपोर्ट' ह्या इंग्रजी नांवानेंच तो कचेरींत ओळखला जातो. हा अर्ज क्षुल्लक वाटतो. परंतु अशी एक संस्था कल्पावी कीं जिनें बारा वर्षें हा अर्ज दिलाच नाहीं. नोंदवहीच्या उताऱ्यावर जीं पांच नांवें आहेत त्यांपैकीं तिघे हयात नाहींत. बँक सही मान्य करीत नाहीं. वसतिगृहासाठीं देणगी देऊं इच्छिणारी कंपनी उतारा पाहून परत फिरते. आणि ह्याच वेळीं गांवांत दुसरी एक मंडळी 'खरी कार्यकारिणी आमची' म्हणून उभी राहते. मग वसतिगृह बाजूला राहून संस्थेची सारी पुंजी वकिलाच्या फीमध्यें जाते.

मिळकतीचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. विश्वस्त-संस्थेची स्थावर मिळकत विकावयाची, अदलाबदल करावयाची किंवा दान द्यावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वसंमति लागते. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि इमारत वा बिनशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीनें भाड्यानें देण्यासहि तीच अट आहे. संस्थेच्या नांवानें कर्ज काढावयाचें तरी संमति हवी. पालघर जिल्ह्यांत ह्यावर आणखी एक बंधन येतें. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्रीनें, दानानें वा भाडेपट्ट्यानें जावयाची असल्यास सरकारी पूर्वपरवानगी लागते, आणि संस्थेचा हेतु कितीहि पवित्र असला तरी ती चुकत नाहीं. एखाद्या वृद्ध वारल्यानें बालवाडीसाठीं दोन गुंठे तोंडी दिले, त्यावर खोली उभी राहिली, आणि पुढें वारसांनीं हरकत घेतली, तर त्या खोलीच्या भिंती संस्थेच्या असून पायाखालची जमीन संस्थेची नसते.

ह्या साऱ्या बंधनांचा कोणी राग मानूं नये. कोळीवाड्यांतल्या बाईनें धान्याच्या मुठीमुठीनें जमविलेला निधि एखाद्या चतुर विश्वस्तानें पुतण्याच्या नांवावर करूं नये, म्हणूनच हीं कुलुपें आहेत. विश्वस्ताच्या गैरकृत्यानें वा दुर्लक्षानें संस्थेचें नुकसान झालें तर तें त्याच्याकडून व्यक्तिशः भरून घेण्याची तरतूद कायद्यांत आहे. त्याचबरोबर सत्तेलाहि मर्यादा आहे. रतिलाल पानाचंद गांधी यांच्या दाव्यांत १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, राज्यानें विश्वस्त-संस्थांच्या कारभारावर देखरेख ठेवणें योग्य आहे. परंतु धार्मिक निधीचा मूळ हेतु साध्य होण्याजोगा असतां तो निधि भलत्याच कामाकडे वळविणें योग्य नाहीं. दात्याची इच्छा ही संस्थेची घटना आहे, असाच ह्या निकालाचा आशय होय.

आतां विम्याकडे वळावें. विमा म्हणजे व्यापाऱ्यांचा व्यवहार, परोपकारी संस्थेला त्याचें काय प्रयोजन, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. आणि जेथें विमा उतरविलेला असतो तेथें बहुधा हिशेबाच्या वहींतली रक्कम धरलेली असते. चाळीस वर्षांपूर्वीं बांधलेल्या शाळेची किंमत वहींत त्या काळची, तीहि झिजेची वजावट करून उरलेली असते. तीच शाळा आज पुन्हां बांधावयाची झाल्यास एक कोटि रुपये लागतात असें धरावें. विमा चाळीस लाखांचा आहे आणि वादळानें दहा लाखांचें नुकसान झालें, तर विश्वस्तांची अपेक्षा दहा लाखांची असते. कंपनी हिशेब करते कीं शाळेचा विमा मोलाच्या चाळीस टक्केच उतरविला आहे. सबब नुकसानीचेहि चाळीस टक्केच, म्हणजे चार लाख, मिळतील. उरलेले सहा लाख कोठून आणावयाचे? मे २०२१ मध्यें 'तौक्ते' चक्रीवादळ ह्याच किनाऱ्याजवळून गेलें. वादळाची गोष्ट येथें केवळ पुस्तकी नाहीं.

भूकंपाचेंहि तसेंच. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागाला लहान-मोठ्या धक्क्यांनीं हैराण करून सोडलें. जुन्या पद्धतीच्या आगीच्या पॉलिसींत भूकंपाचें संरक्षण वेगळा हप्ता भरून मागून घ्यावें लागे. १ एप्रिल २०२१ पासून पांच कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या लहान आस्थापनांसाठीं जी प्रमाण पॉलिसी आली तींत भूकंपाचा अंतर्भाव मुळांतच आहे. तेव्हां आपल्या कपाटांतली पॉलिसी कोणत्या जातीची आहे, हें धक्का बसण्यापूर्वीं वाचून पाहणें बरें. तारापूरच्या शेजाऱ्यांनीं आणखी एक कलम वाचावें. किरणोत्सर्गामुळें वा अणुइंधनामुळें झालेली हानि ही नेहमींच्या मालमत्तेच्या विम्यांतून वगळलेली असते. अशा हानीची भरपाई मागण्यासाठीं संसदेनें स्वतंत्र कायद्याची वाट आंखली आहे. म्हणजे पॉलिसी हातांत असली तरी प्रत्येक संकटाचें उत्तर तिच्यांत असेलच असें नाहीं.

मालमत्तेहून माणसांची जोखीम मोठी. संस्थेची गाडी मुलांना पाड्यावरून शाळेंत आणते. तिचा तृतीय पक्षाचा विमा कायद्यानें सक्तीचा आहेच. परंतु चालकाचा परवाना योग्य नसेल तर जखमी मुलाला दिलेली भरपाई विमा कंपनी संस्थेकडून वसूल करूं शकते. दवाखान्यांविषयीं १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, जें रुग्णालय सर्वांनाच विनामूल्य सेवा देतें तें ग्राहक-संरक्षण कायद्याच्या बाहेर. परंतु जें कांहीं रुग्णांकडून पैसे घेतें आणि कांहींना मोफत तपासतें, तें मोफत रुग्णाच्या बाबतींतहि जबाबदार. आतां महाराष्ट्रांत धर्मादाय रुग्णालयांनीं दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठीं आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें राखाव्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानें अमलांत आली. गरिबाची सेवा करणें आणि त्या सेवेंतल्या चुकीला उत्तर देणें, हीं दोन्हीं कर्तव्यें एकाच छपराखालीं आलीं. जबाबदारीच्या विम्यावांचून असें रुग्णालय चालविणें म्हणजे तोल सांभाळण्याच्या काठीवांचून दोरीवर चालणें होय.

तिसरी अडचण पैशाची. आयकरांतून सूट हवी असेल तर संस्थेनें वर्षाच्या उत्पन्नापैकीं किमान ८५ टक्के आपल्या कार्यावर खर्च करावे असा दंडक आहे. त्याहून अधिक सांठवावयाचें तर हेतु लिहून द्यावा लागतो आणि पांच वर्षांत तो पुरा करावा लागतो. पूर्वीं एकदां मिळालेली नोंदणी कायमची असे. २०२१ पासून ती मुदतीची झाली आणि तिचें नूतनीकरण करावें लागूं लागलें. मुदत साधारणपणें पांच वर्षांची. लहान संस्थांसाठीं २०२५ सालीं ती दहा वर्षांची करण्यांत आली. नूतनीकरण चुकण्याची शिक्षा कडक आहे. २०१६ च्या तरतुदीनें नोंदणी गमावणाऱ्या संस्थेच्या मिळकतीच्या बाजारभावावर, देणीं वजा करून, कमाल दरानें कर बसूं लागला. २०२३ सालीं वेळेवर अर्ज न करणें हेंहि त्याचें कारण ठरलें. बोईसरच्या आसपास जमिनीचे भाव ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्या ध्यानांत ह्याचा अर्थ येईल. हातांत रोकड नसलेल्या संस्थेला कर भरण्यासाठीं जमीनच विकावी लागेल, आणि ती विकण्यासाठींहि पुन्हां संमति मागावी लागेल! २०२४ सालीं योग्य कारण असल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयकर आयुक्तांना मिळाला, ही त्यांतली दिलाशाची गोष्ट.

परदेशांतून येणाऱ्या देणग्यांचा मार्गहि अरुंद झाला आहे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनें अशी रक्कम प्रथम नवी दिल्लींतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेंत उतरली पाहिजे, ती दुसऱ्या संस्थेला देतां कामा नये, आणि व्यवस्थापनाचा खर्च २० टक्क्यांच्या आंत ठेवला पाहिजे, असें ठरलें. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही दुरुस्ती वैध मानली. मोठ्या संस्थेकडून पैसे घेऊन पाड्यांवर काम करणाऱ्या लहान संस्थेचा हा ओघ त्यामुळें आटला. कारखान्यांच्या पैशाची कथा निराळी. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावें असेंहि कायदा सांगतो. परंतु चालू राहणारा प्रकल्पसुद्धां आरंभींचें वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे नेतां येत नाहीं. मूल मात्र शाळेंत दहा वर्षें असतें.

ह्या अडचणींवर उपाय आहेत आणि ते फार खर्चाचेहि नाहींत. प्रत्येक संस्थेनें बदल-अर्ज, हिशेब-तपासणी, आयकराचें नूतनीकरण, विम्याचे हप्ते आणि गाडीचे परवाने यांच्या तारखांची एक वही ठेवावी, आणि ती एका नव्हे, दोन विश्वस्तांच्या जबाबदारीखालीं असावी. इमारतीच्या विम्याची रक्कम दर तीन वर्षांनीं बांधकामाच्या चालू दराशीं ताडून पाहावी. एकेका लहान संस्थेला स्वतंत्र हिशेबनीस परवडत नसेल, तर पालघर ते डहाणू पट्ट्यांतल्या पांच-सात संस्थांनीं मिळून एक जाणता हिशेबनीस आणि एक वकील बांधून घेणें अशक्य नाहीं.

उरला प्रश्न दात्यांचा, आणि तो मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांचा आहे. वर्गखोलीवर आईवडिलांच्या नांवाची पाटी लावण्यास देणगीदार सहज मिळतो. त्या खोलीच्या विम्याचा हप्ता भरण्यास कोणी मिळत नाहीं. विम्याच्या पावतीवर कोणाचें नांव कोरतां येत नाहीं, हेंच त्याचें कारण. परंतु खोली बांधणारा दाता एकदां देतो, आणि तिचा हप्ता भरणारा दाता तीच खोली दरवर्षीं नव्यानें देत असतो. पुढच्या वेळीं कोसबाडच्या टेकडीकडे किंवा बोईसरच्या एखाद्या दवाखान्याकडे धनादेश पाठवितांना गृहस्थानें सोबत एवढेंच विचारावें: विमा किती रकमेचा आहे, शेवटचा बदल-अर्ज केव्हां दिला, आणि हिशेबनिसाचा पगार कोण देतो? उत्तर समाधानकारक नसेल तर देणगी मागें घेऊं नये. तिच्यांतला कांहीं भाग ह्याच कामासाठीं लावावा, असें पत्रांत स्पष्ट लिहावें. पेरणाऱ्याची कणगी भरते ती राखणदार जागा असतो म्हणून.