गोळाफेकपटू फुटबॉलला का हवा असतो?

आज फुटबॉलवर बोलायचं आहे, पण कोलकात्याच्या किंवा गोव्याच्या फुटबॉलवर नाही. अमेरिकी फुटबॉलवर. लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, आणि नावात ‘फूट’ असलं तरी पायाचं काम थोडंच. या खेळाचे कॉलेज प्रशिक्षक ॲथलेटिक्सच्या मैदानावर जातात आणि गोळाफेक, थाळीफेक करणारी मुलं हेरतात. मला हा प्रकार फार विचार करण्यासारखा वाटतो, कारण सैन्यात आम्हीही आयुष्यभर हेच केलं. भरतीला आलेल्या पोराकडे बघून हा कशासाठी चालेल, ते ओळखायचं.

आधी गोळाफेक बघा. 2.135 मीटर व्यासाचं वर्तुळ, 7.26 किलोचा गोळा. फेकणारा आत उभा राहतो, आणि टाचेतून निघालेली ताकद मांडी, कंबर, खांदा करत बोटांपर्यंत पोचते. सगळा खेळ एक-दीड सेकंदाचा. आता फुटबॉलमधल्या पुढच्या फळीतला गडी बघा. एक हात जमिनीला टेकवून वाकलेला. चेंडू हलला रे हलला की समोरच्या सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसाला मागे रेटायचं. काही सेकंदांत डाव संपतो. थोडा दम घ्या, पुन्हा तेच. त्या पहिल्या सेकंदाला लागणारी ताकद गोळाफेकवाल्याकडे तयार असते. नियम शिकवता येतात. एवढ्या वजनाला असा वेग सहसा शिकवता येत नाही.

पण खरी गोष्ट पैशाची आहे, आणि ती फार कोणी सांगत नाही. 2024-25 पर्यंत अमेरिकेतल्या सर्वोच्च श्रेणीच्या कॉलेज फुटबॉल संघाला 85 पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. पुरुषांच्या ॲथलेटिक्सला किती? धावणं, उड्या, फेक, क्रॉस कंट्री, सगळं मिळून 12.6. एकेका शिष्यवृत्तीचे तुकडे करून मुलांत वाटायचे. शिवाय नियम असा, की दोन्ही खेळ खेळणारा मुलगा फुटबॉलच्या खात्यात मोजला जाई. म्हणजे गोळाफेकपटू फुटबॉलला गेला तर ॲथलेटिक्सच्या प्रशिक्षकाचीही शिष्यवृत्ती वाचायची. आमच्या भाषेत हा रसदीचा हिशेब. आता संघात किती खेळाडू ठेवायचे यावर मर्यादा आली आहे, पण फुटबॉलकडे पैसा जास्त, ही गोष्ट बदललेली नाही.

एस्टोनियाचा मार्गुस हंट याचं उत्तम उदाहरण. 2006 मध्ये बीजिंगच्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत त्याने गोळाफेक आणि थाळीफेक, दोन्हींत सुवर्ण मिळवलं. उंची दोन मीटरच्या वर. तो डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात फेकीच्या एका नामांकित प्रशिक्षकाकडे शिकायला गेला. अडचण अशी, की त्या विद्यापीठाने पुरुषांचं ॲथलेटिक्स 2004 मध्येच बंद केलं होतं. शिष्यवृत्ती होती फुटबॉलकडे. त्याने तोवर हा खेळ कधी खेळला नव्हता. 2009 ते 2012 तो कॉलेजसाठी खेळला, आणि 2013 मध्ये सिनसिनाटी बेंगल्सने त्याला दुसऱ्या फेरीत निवडलं. पुढे कित्येक वर्षं तो व्यावसायिक फुटबॉल खेळला.

त्याच 2013 साली ब्रिटनचा लॉरेन्स ओकोये अमेरिकेला गेला. लंडन ऑलिंपिकच्या थाळीफेकीचा अंतिम फेरीवाला, लहानपणी रग्बी खेळलेला, अंगापिंडाने तर जबरदस्त. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने करार केला. पण मुख्य हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

माझ्या मते फरक शरीरात नव्हता, कॉलेजच्या वर्षांत होता. हंट चुका करत शिकला आणि तोवर जेवणखाण, वर्ग, वसतिगृह चालू होतं. ओकोये थेट व्यावसायिक संघात उतरला, तिथे शिकाऊ माणसासाठी कोण थांबणार?

आमच्या बटालियनला बॉक्सिंगसाठी हेवीवेट मिळायचा नाही, तेव्हा गोळाफेकवाल्या जवानाला रिंगमध्ये उतरवत. ताकद अफाट. पण फेकीच्या वर्तुळात समोरून कोणी मारत नसतं! पहिला ठोसा बसला की गडी गोंधळायचा. ती सवय लागायला दोन-दोन वर्षं जायची.

दत्तू भोकनळ तुम्हाला आठवत असेल. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचा, दुष्काळी भागातला मुलगा. 2012 मध्ये सैन्यात आला, उंची बघून त्याला नौकानयनाला घेतलं, आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरीत तेरावा आला. वल्हं जमलं नसतं तरी तो जवान होताच. पगार, मेस, शिधा सगळं चालू.

म्हणून इंदूर असो, हैदराबाद असो की बेळगाव, तुमच्या गोळाफेक करणाऱ्या मुलाला कोणी रग्बी, कबड्डी किंवा आणखी कशात बोलावलं, तर बक्षिसाची रक्कम नंतर विचारा. शिकायला किती वर्षं देणार ते आधी विचारा. गुडघा गेला तर कॉलेजची फी कोण भरणार, तेही लेखी घ्या. आणि जुना खेळ सोडावा लागेल का? हे विचारायला लोक संकोचतात. कशाला संकोचायचं? ओकोये परतलाच की. 2022 मध्ये त्याने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत थाळीफेकीचं रौप्य आणि म्युनिकच्या युरोपीय स्पर्धेत कांस्य मिळवलं.

दोन्ही खेळ सांभाळणारेही असतात. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल शरद ऋतूत चालतं, ॲथलेटिक्स हिवाळ्यात आणि वसंतात. हंटच्याच विद्यापीठाच्या मायकेल कार्टरने दोन्ही केलं. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये 21.09 मीटर गोळा फेकून त्याने रौप्य मिळवलं, आणि जानेवारी 1985 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून खेळताना सुपर बोल जिंकला. 2016 मध्ये रिओला महिलांच्या गोळाफेकीचं सुवर्ण जिंकणारी मिशेल कार्टर ही त्याची मुलगी. तिचा प्रशिक्षकही तोच.