मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची पूर्वतपासणी : जमा किती, खर्च किती?



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आरोग्य शिबिर भरवावे, ही कल्पना कोणत्याही न्यासाला सहज सुचते. नेत्रतपासणी, रक्तदाब आणि मधुमेह यांच्या पंक्तीत अलीकडे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणीही येऊन बसली आहे. शौचाच्या नमुन्याची डबी घरी न्यावी, दुसऱ्या दिवशी परत आणून द्यावी, इतके ते सोपे दिसते. परंतु निरोगी माणसाच्या तपासणीचा हिशेब आजारी माणसाच्या तपासणीहून वेगळा मांडावा लागतो. रोगी स्वतःच्या पायांनी वैद्याकडे येतो. निरोगी मनुष्याला बोलावले जाते, आणि बोलावणाऱ्यावर जबाबदारी अधिक असते.

प्रथम जमेची बाजू. हा कर्करोग बहुधा एकाएकी उद्भवत नाही. मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरावर लहानसा मांसांकुर उगवतो, ज्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. त्यांपैकी थोडेच अंकुर पुढे कर्करोगाचे रूप घेतात आणि त्यास सामान्यतः दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या दीर्घ अवधीतच तपासणीचे सामर्थ्य आहे. अंकुर वेळीच सापडला तर दुर्बिणीतून तो काढून टाकता येतो आणि रोग जन्मास येण्यापूर्वीच टळतो. फार थोड्या कर्करोगांच्या बाबतीत असे म्हणता येते.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ४६ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. दरवर्षी शौचातील अदृश्य रक्ताची तपासणी करणाऱ्यांत तेरा वर्षांत या रोगाने हजारी सुमारे ६ मृत्यू झाले. न करणाऱ्यांत सुमारे ९. म्हणजे मृत्यूंत एक तृतीयांश घट, पण हजारांत वाचलेले तिघे. दोन्ही विधाने खरी आहेत. जाहिरातीत पहिले छापतात, आणि ग्राहकाने दुसरे विचारावे.

पुढे २०२२ साली पोलंड, नॉर्वे आणि स्वीडन येथील ८४ हजारांहून अधिक लोकांवरील मोठ्या प्रयोगाचा अहवाल आला. त्यात ५५ ते ६४ वयाच्या काही लोकांना थेट दुर्बिणीच्या तपासणीचे, म्हणजे कोलोनोस्कोपीचे, निमंत्रण दिले होते. दहा वर्षांत निमंत्रितांपैकी ०.९८ टक्के लोकांना कर्करोग झाला, इतरांपैकी १.२० टक्के लोकांना. एक कर्करोग टाळण्यासाठी ४५५ जणांना बोलवावे लागले. मृत्यूंतील फरक इतका अल्प होता की तो योगायोगही असू शकेल. मात्र निमंत्रितांपैकी केवळ ४२ टक्के लोक तपासणीस गेले होते. प्रत्यक्ष गेलेल्यांपुरता अंदाज केला असता रोगातील घट ३१ टक्क्यांपर्यंत पोहोचते, हेही जमेस धरले पाहिजे.

एक फसवा आकडा येथेच ओळखून ठेवावा. ‘लवकर निदान झालेले रुग्ण अधिक वर्षे जगतात’ असे वारंवार सांगितले जाते. रत्नागिरीहून मुंबईस निघालेली गाडी कोणी चिपळूणला पाहिली, कोणी पनवेलला. चिपळूणला पाहणाऱ्याच्या हिशेबी ती अधिक वेळ धावली. मुंबईला पोहोचण्याची वेळ मात्र दोघांसाठी एकच. निदानापासून किती वर्षे गेली यावरून तपासणीचे यश ठरत नाही. मृत्यू खरोखर टळले का, हेच पाहावे लागते, आणि म्हणूनच वरील दोन प्रयोगांना मोल आहे.

आता हे परदेशी आकडे कोकणात जसेच्या तसे लागू करावेत काय? येथे थांबून विचार करणे अवश्य आहे. भारतात हा रोग लाखामागे वर्षाला पाचच्या आसपास लोकांना होतो. वयोमानाचा फरक वजा करूनही नॉर्वेत तो सुमारे सात-आठपट आहे. महाराष्ट्रातही सर्वत्र सारखे प्रमाण नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तेथील प्रमाण मुंबईच्या नोंदणीपेक्षा बरेच कमी आहे. रोगच सातपट विरळ असेल तर ४५५ चा आकडा ढोबळ त्रैराशिकाने तीन हजारांच्या घरात जातो. लाभ असा आक्रसतो. दुर्बिणीचा खर्च, तिची दगदग आणि तिची जोखीम मात्र तितक्या प्रमाणात आक्रसत नाहीत. केंद्र शासनाने २०१६ साली तीस वर्षांवरील नागरिकांसाठी ज्या पूर्वतपासण्या ठरविल्या, त्यांत मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, आतड्याचा नाही. यामागे उपेक्षा नसून हाच हिशेब आहे. आपल्या जिल्ह्यातही या शतकाच्या पहिल्या दशकात टाटा स्मारक रुग्णालयाने डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या साहाय्याने गावोगावी जी तपासणी केली, ती त्याच तीन रोगांची होती.

शाकाहारामुळे समाजाला या रोगाचे अभय आहे, असाही एक समज आढळतो. त्यात तथ्यांश आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरविले. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतील ॲडव्हेंटिस्ट पंथीयांच्या अभ्यासात शाकाहारींमध्ये हा रोग २२ टक्क्यांनी कमी आढळला. पण बावीस टक्के कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि इतर काही अभ्यासांत तेवढाही फरक दिसलेला नाही. शिवाय शाकाहारी मनुष्य दिवसभर गादीवर बसून फरसाण खात असेल, पोट वाढवीत असेल, तंबाखू मळीत असेल, तर केवळ आहाराच्या शुद्धीवर विसंबता येत नाही.

आता खर्चाची बाजू. शौचतपासणीच्या नव्या पद्धतीस ‘फिट’ म्हणतात. ती केवळ मानवी रक्त ओळखते, त्यामुळे आधीचे पथ्य लागत नाही. परंतु एका वेळच्या तपासणीत पाचांतील साधारण एक कर्करोग तिच्या दृष्टीस पडत नाही. अंकुर तर पुष्कळच सुटतात. उलट, रक्त आढळलेल्या बहुतेकांना कर्करोग नसतो. कित्येकदा ते मूळव्याधीचेही असते. त्या सर्वांना दुर्बिणीला सामोरे जावे लागते आणि मधले दिवस चिंतेत काढावे लागतात. दुर्बिणीने आतड्यास छिद्र पडणे अत्यंत विरळ. अंकुर काढल्यावर रक्तस्राव होणे त्याहून थोडे अधिक. उपरोक्त तीन देशांत ११,८४३ तपासण्यांत १५ जणांना मोठा रक्तस्राव झाला, छिद्र एकासही पडले नाही. तेथील डॉक्टरांचा हात रोजच्या सरावाचा आहे, हे ध्यानी ठेवावे.

म्हणून शिबिरात डब्या वाटण्यापूर्वी विश्वस्तांनी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे : ज्यांच्या शौचात रक्त आढळेल, त्यांची कोलोनोस्कोपी कोण, कोठे, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने करणार? अमेरिकेतील २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, रक्त आढळल्यावर दुर्बीण दहा महिन्यांहून अधिक लांबली तर कर्करोग, तोही वाढलेला, सापडण्याचे प्रमाण चढते. पुढची सोय नसताना डब्या वाटणे म्हणजे लोकांच्या हाती केवळ भीती देणे होय. रक्ततपासणीच्या पॅकेजमधील ‘सीईए’ ही चाचणी तर निरोगी माणसात हा रोग शोधण्यासाठी नाहीच. तिच्यावर न्यासाचा पैसा व्यर्थ खर्चू नये.

येथवरचे विवेचन लक्षणे नसलेल्यांविषयी झाले. लक्षणे असलेल्यांचा हिशेब सर्वस्वी निराळा आहे आणि समाजात खरी हानी तेथे होते. शौचावाटे रक्त पडू लागले की घरोघरी ‘मूळव्याध असेल’ असे म्हणून औषधी चूर्ण सुरू होते. लज्जेमुळे, विशेषतः भगिनींकडून, महिनोन्‌महिने वाच्यता होत नाही. टाटा रुग्णालयातील रुग्णांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आतच होते, आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. गुदाशयातील गाठ पुष्कळदा डॉक्टरांच्या हातमोजा घातलेल्या बोटालाही लागते. या तपासणीस यंत्र लागत नाही, मिनिटभर पुरते. तरुण आहे म्हणून ती टाळू नये. रक्त पडणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, कारणाविना वजन घटणे, किंवा पुरुषांत व पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोहाच्या अभावाने आलेला पंडुरोग, यांपैकी काही असेल तर शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. तसेच आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणास हा रोग झाला असेल तर चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातलगाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपीविषयी विचारावे. येथे लाभाचे पारडे निःसंशय जड आहे.

इतरांनी, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या, लक्षणे व कौटुंबिक इतिहास नसलेल्यांनी, तपासणी करून घेतली तर ते चुकीचे नाही. न घेतली तर तो अपराधही नाही. मात्र रक्त आढळल्यास दुर्बीण करून घेण्याची तयारी नसेल, तर डबी घेऊच नये.

एक व्यावहारिक सूचना. कोलोनोस्कोपीपूर्वी आतडे स्वच्छ करण्यासाठी दोन ते चार लिटर रेचक द्रावण प्यावे लागते. बहुधा अर्धे आदल्या सायंकाळी व अर्धे पहाटे. चौविहार पाळणाऱ्यांनी वेळ ठरवितानाच हे डॉक्टरांना सांगावे. तपासणी दुपारची ठेवल्यास सर्व द्रावण त्याच दिवशी सकाळी, सूर्योदयानंतर घेता येणे अनेकदा शक्य असते. पर्युषणात किंवा दीर्घ तपस्येच्या पारण्यास लागून ही तपासणी ठेवू नये, कारण शरीरातील पाणी आणि क्षार आधीच घटलेले असतात. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या कोणत्या दिवसापासून थांबवायच्या, की थांबवायच्याच नाहीत, हे लिहून घ्यावे.