एक गाणं, एक अडचण

(आकाशवाणीवरील भाषण)

मला 10 मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘प्राथमिक शाळेतलं संगीत’. विषय ऐसपैस आहे, मी मात्र त्यातलं एकच बोलणार आहे. माझ्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणी रेडिओ लावून बसल्या असतील, तर आत्ताच म्हणाल्या असतील, ‘झालं, हिची भिशी सुरू झाली!’ हो बायांनो, भिशीच.

भिशी कशी चालते ते मी सांगायला नको. दहा जणी, महिन्याला ठरलेले पैसे, चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम. पोहे, चहा, पुढच्या महिन्याची तारीख. माझं म्हणणं एवढंच, की लहान मुलांना गाणं शिकवणाऱ्या शिक्षकांनी अशी भिशी लावावी. पैशांची नको. महिन्याला प्रत्येकानं एक गाणं आणायचं आणि एक अडचण आणायची. एक गाणं, एक अडचण. हे मी आज तीन-चार वेळा म्हणणार आहे. कारण माझा अनुभव असा, की लोक ‘गाणं’ ऐकतात आणि ‘अडचण’ विसरतात.

आता ही भिशी हवी कशाला? शाळेत गणिताच्या बाई अडल्या तर शेजारच्या वर्गात गणिताच्या दुसऱ्या बाई असतात. डबा खाता खाता विचारून घेतात, ‘हातच्याची वजाबाकी तू कशी घेतेस गं?’ संगीताच्या बाईंनी कुणाला विचारायचं? ती शाळेत एकटी. वर्ग पंचवीस, पेटी एक. मी 31 वर्षं अशी एकटी होते. कुणी रजेवर गेलं की बदली तास संगीताच्या बाईंना. पाहुणे दारात आले की, ‘बाई, एक स्वागतगीत बसवा, अर्ध्या तासात.’ गॅदरिंगच्या आधी महिनाभर माझ्यावाचून शाळेचं पान हलत नसे. गॅदरिंग झालं की माझी पेटी परत जिन्याखाली.

हे झालं जिथं संगीताचा शिक्षक आहे तिथलं. पहिली ते पाचवीला तो बहुतेक ठिकाणी नसतोच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितलाय, पण तो सहावी ते आठवीसाठी, आणि तोही त्या वर्गांचा पट 100 च्या वर असला तर. म्हणजे कान सगळ्यात उघडा आणि गळा सगळ्यात कोवळा असतो त्या पहिली-दुसरीत, मराठी-गणित शिकवणारे गुरुजीच गाणं शिकवतात. हे गुरुजी मला म्हणतात, ‘आम्ही कुठले संगीताचे शिक्षक? आम्हाला पेटी येत नाही.’ अहो, चाळीस मुलं रोज सकाळी तुम्ही धरलेल्या सुरात प्रार्थना म्हणतात! तुम्ही नाही तर कोण? आणि पेटीचं काय घेऊन बसलात. ज्या आकाशवाणीवरून मी बोलतेय, तिनंच 1940 साली पेटीला घराबाहेर काढलं होतं. पुढं सत्तरच्या दशकात कुठं तिला परत आत घेतलं. तेवढी वर्षं रेडिओवरचं गाणं काही बंद पडलं नाही. तेव्हा भिशीत तुमचं नाव आधी लिहिते.

मी मिरजेकडची. आमच्या मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात, 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबरांना गाणं शिकवलं. बुवांनी स्वतः विद्येसाठी पार ग्वाल्हेरपर्यंत वणवण केली होती. त्या काळी चीज मिळवणं म्हणजे गुरूच्या घरी पाणी भरणं, आणि तरीही ठेवणीतली चीज मिळेलच याचा भरवसा नाही. विष्णु दिगंबरांनी 5 मे 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि ज्याला शिकायचंय त्याला दार उघडलं. इकडे भातखंड्यांनी घराण्यांच्या चिजा गोळा करून ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग तयार केले, तेही आपल्या मराठीत. चीज लपवून ठेवू नये, हे त्या दोघांनी आपल्याला शंभर वर्षांपूर्वी शिकवलं.

ते रागदारीपुरतं मात्र झालं. मी विशारद केलं तेव्हा मला मारवा, पुरिया आणि सोहनी यांतला फरक विचारला होता. सूर तेच, तरी राग तीन. मी झकास उत्तर दिलं. नंतर पहिलीच्या वर्गात उभी राहिले. तिथं मला मारव्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. ‘बाई, हा माझ्या कानात गातो.’ ‘बाई, मला शू लागली.’ पंचेचाळीस मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं ओळ लागण्यात गेलेली. यावर कुठलीही मध्यमा किंवा विशारद मला काही सांगत नव्हती. ही विद्या ज्यांच्यापाशी होती, ती माणसंही माझ्यासारखी आपापल्या शाळेत एकेकटी बसलेली.

एक गोष्ट सांगते. माझी पट्टी काळी चार. गळ्याला ती बसलेली, म्हणून मुलांनाही मी तीच द्यायची. पहिली-दुसरीची मुलं गाताना पुटपुटायची. मी म्हणायचे, ‘मोठ्यानं!’ मग ती ओरडायची. ओरडली की मी म्हणायचे, ‘गा रे, किंचाळू नका!’ मग परत पुटपुट. असं किती वर्षं चाललं असेल? वीस. वीस वर्षं मला वाटत होतं की मुलंच बेसूर, घरी ऐकायला काही चांगलं नसतं, काळच बदललाय.

मग एकदा तालुक्याच्या समूहगीत स्पर्धेला गेलो होतो. निकाल लागायचा होता. दुसऱ्या एका शाळेचे सर चहाच्या रांगेत माझ्या मागे उभे. थोडं चाचरत म्हणाले, ‘बाई, राग येणार नसेल तर एक विचारू? मुलांना एवढं खाली का गायला लावता? ती पट्टी तुमच्या गळ्याची आहे. त्यांना पांढरी दोनवर नेऊन बघा.’ राग तर आलाच. पण सोमवारी शाळेत गेले, दार लावून घेतलं आणि प्रार्थना पांढरी दोनवर सुरू केली. काय सांगू तुम्हाला! तीच मुलं, तीच प्रार्थना. आवाज असा मोकळा निघाला, की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून विचारत्या झाल्या, ‘आज टेप लावलीय का?’

कारण अगदी साधं आहे. लहान मुलाचा गळा खालच्या सुरांना बोलत नाही. मी वीस वर्षं त्यांना विहिरीच्या तळाशी उभं करून म्हणत होते, गा. याउलट काही शाळांत राष्ट्रगीत इतक्या चढ्या सुरात सुरू होतं, की शेवटी तार षड्ज आला की अर्धी शाळा गप्प आणि अर्धी किंचाळतेय. 52 सेकंदांचं गाणं, पण पहिल्या सेकंदाला सूर चुकला की पुढचे 51 हातचे गेले. मुलांना कुठला सूर द्यावा, हा इतका साधा प्रश्न आहे. मला त्याचं उत्तर वीस वर्षांनी मिळालं, आणि तेही चहाच्या रांगेत.

आता मला सांगा, चूक कुणाची? त्या सरांनी आधी सांगितलं नाही, कारण आम्ही कधी भेटलोच नव्हतो. आम्ही संगीताचे शिक्षक भेटतो कुठं? स्पर्धेत! आणि स्पर्धेत कुणी कुणाला काही सांगतं का? तिथं आपली मुलं झाडाखाली नेऊन हळू आवाजात तालीम घ्यायची, म्हणजे दुसऱ्या शाळेला चाल कळायला नको. आणि मीही कधी कुणाला विचारलं नव्हतं, की माझी मुलं पुटपुटतात हो, काय करू. कसं विचारणार? मी विशारद! माझ्या मुलांना सूर लागत नाही असं चारचौघांत म्हणायचं?

म्हणून म्हणते, अडचण आणा. गाणी आता फोनवर दिवसाला पन्नास येऊन पडतात. गाण्यांचा दुष्काळ कुणालाच नाही. तरी एक गाणं आणा म्हणते ते एवढ्यासाठी, की रिकाम्या हातानं कुणी येत नाही. पण भिशीचा खरा हप्ता अडचणीचा.

भिशीचं नाव मी उगीच घेत नाही. भिशीत एक मोठा गुण असतो, तो बघा. एखादी म्हणते, ‘अगं, मुलीचं लग्न काढलंय, पहिला नंबर मला द्या.’ बाकीच्या लगेच, ‘घे की!’ तिथं नड सांगायची लाज नसते. नडीसाठीच तर भिशी असते. शाळेच्या बैठकीत अडचण सांगितली की ती कमीपणा होते, वहीत लिहिली जाते. भिशीत सांगितली की नंबर लागतो. आणि आपल्या भिशीत तर वाटणी आणखी सोपी. पैशाच्या भिशीत दहा जणी भरतात आणि एक नेते. इथं दहा जण भरतील आणि दहाही जण दहाच्या दहा घेऊन घरी जातील. असा धंदा सावकारालाही कधी जमला नाही.

भिशी चालवणारी बाई थोडी कडक लागते. त्यामुळे नियमही सांगून टाकते. आजूबाजूच्या सहा-सात शाळा पुरेत, जास्त नकोत. उद्घाटन नको, प्रमुख पाहुणा नको, नाहीतर त्याच्यासाठी स्वागतगीत बसवायला लागेल. स्पर्धा तर अजिबात नको. आपल्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला सगळे जमताच, ती संपल्यावर तिथंच अर्धा तास थांबा, वेगळं एसटीचं भाडं नको. गाणं कागदावर लिहून आणू नका. उभं राहून शिकवा, आणि बाकीच्यांनी तेवढा वेळ मुलं व्हायचं, मांडी घालून खाली बसायचं. खाली बसल्यावर कळतं, की दम कुठं तुटतो, कुठला शब्द जिभेवर अडतो, बाई कुठं घाई करतात. आणि चिठ्ठी निघेल त्यानं पहिली अडचण सांगायची. कुणी हसायचं नाही. पहिला नंबर लागला आणि मग यायचा बंद झाला, असा माणूस प्रत्येक भिशीत निघतो. त्याच्या घरी जायचं.

मुख्याध्यापकांना हात जोडून सांगते, त्या दिवशी संगीताच्या शिक्षकाला बदली तास लावू नका. महिन्यातून एक दुपार. तुमचं गॅदरिंग तोच तारून नेतो ना?

आणखी एक फार मनावर असलेलं सांगायचं होतं. प्रत्येक वर्गात एक मूल असतं, ज्याचा सूर लागत नाही. त्याला आपण सांगतो, ‘तू नुसते ओठ हलव.’ मीही सांगितलंय. एकाला सांगितलं होतं, तो आता बापई माणूस झालाय, बाजारात भेटला की म्हणतो, ‘बाई, मी तो ओठ हलवणारा.’ हसून म्हणतो, पण लक्षात ठेवून आहे. अशा मुलाला आपल्या सुरावर ओढायचं नसतं. आधी आपण त्याच्या सुरावर जायचं, तो जिथं गुणगुणतोय तिथं. आपला आणि त्याचा सूर एक झाला की त्याला पहिल्यांदाच कळतं, ‘जुळणं’ म्हणतात ते हे. मग तिथून एकेक पायरी… याला दिवस लागतात, आणि ते पायरीचं मी… नाही, काचेपलीकडून खूण झाली. एकच मिनिट उरलंय.

भिशी लावणाऱ्या बाईनं पहिला हप्ता स्वतः भरायचा असतो. गाणं शिकवायला वेळ उरला नाही, तेव्हा अडचण भरते. मुलं टाळी देत गायला लागली की लय पळते. पहिलं कडवं चालीत, तिसऱ्याला घोडे उधळलेले. मी पाय आपटून पाहिला. डफ वाजवून पाहिला, तर डफाच्याही पुढं पळाली. टाळी सोडून चुटकी दिली, तर सात वर्षांच्या मुलांना चुटकी वाजेना, ती गाणं सोडून आपल्या बोटांकडेच बघत बसली. 31 वर्षांत मला हे जमलं नाही. निवृत्त झाले तरी गुरुवारी शेजारच्या शाळेत जाते, तिथंही जमत नाही. कुणा गुरुजींना, कुणा बाईंना जमलं असेल, तर या आकाशवाणी केंद्राच्या पत्त्यावर चार ओळी लिहून कळवा. मी वाट बघतेय.