दोरी ओढता येते, ढकलता येत नाही

बटण दाबून स्टेशन लावायच्या रेडिओवर तुम्ही मला ऐकत असाल, तर माझ्याआधी त्या रेडिओच्या पोटात बहुधा आणखी कुणीतरी बोलून घेतलंय. बटणं सांभाळणाऱ्या चिपने ट्यूनरला सांगितलं, अमुक फ्रिक्वेन्सीवर जा. ट्यूनरने हुंकार दिला, आणि मग मी आलो. असली बोलणी पुष्कळदा दोन तारांवर चालतात. त्या पद्धतीचं नाव आय-स्क्वेअर-सी.

नेदरलँड्सच्या फिलिप्स कंपनीने ती १९८२ साली काढली, मुख्यतः टीव्हीसाठी. टीव्हीत चिपा वाढत चालल्या होत्या. प्रत्येकीला प्रत्येकीशी वेगळ्या तारांनी जोडायचं म्हटलं तर बोर्डावर नुसतं जाळं. त्यापेक्षा दोनच तारा, सगळ्यांच्या दारावरून नेलेल्या. एक माहितीची, एक ठेक्याची. ग्राउंडची तिसरी तार लागतेच, पण तिला कुणी मोजत नाही.

या दोन तारांना ‘बस’ म्हणतात, आणि मला तर दर वेळी एसटीच आठवते. जुन्या एसटीत छताखालून घंटीची दोरी गेलेली असायची. कंडक्टर कुठेही उभा असो, हात वर करून दोरी ओढली की पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर टण्ण. सोडली की दोरी आपली आपण वर. ओढायला कुणीही ओढावी, पण दोरी वर ढकलता कुणालाच येत नाही.

इथे अगदी तसंच आहे. चिपेला तार फक्त खाली ओढता येते, म्हणजे शून्य व्होल्टवर आणता येते. वर न्यायचं काम एका साध्या रेझिस्टरचं. तो तारेला सतत वर खेचत असतो. ओढली की शून्य, सोडली की एक. बाकी सगळी गंमत या एका नियमातून निघते.

बोलणारा आधी पत्ता पुकारतो, सात बिटांचा. आठवं बिट सांगतं, मी लिहिणार की वाचणार. नवव्या ठोक्याला तो माहितीची तार सोडून देतो आणि बघत बसतो. पत्ता ज्याचा, त्याने ती ओढायची : हजर! कुणीच ओढली नाही, तर त्या घरात कुणी नाही. ऐकणाऱ्याला दम लागला, तर तो ठेक्याचीच तार खाली धरून ठेवू शकतो. थांबा हो, लिहून होऊ दे. मूळ वेग सेकंदाला एक लाख ठोक्यांचा, १९९२ मध्ये तो चार लाखांवर गेला.

दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली तर? ज्याने तार सोडलीय, तो बघतो की ती वर गेली का. नाही गेली, म्हणजे दुसरं कुणीतरी ओढतंय. हा तिथल्या तिथे गप्प बसतो. दुसऱ्याच्या निरोपातलं एक अक्षरही बिघडत नाही. त्याला तर कुणी मध्ये बोलत होतं याचा पत्ताही नसतो. आपल्या सभांमध्ये हे जमलं असतं तर!

आता माझी फजिती. पुतण्यासाठी मी टेबलावरचं घड्याळ करत होतो. उलटं ठेवलं तरी आकडे सुलट दिसावेत असं. वेळ ठेवायला एक चिप, कल ओळखायला दुसरी. वेगवेगळ्या जोडल्या तर दोघी शहाण्यासारख्या चालत. एकत्र जोडल्या की वेळेच्या जागी काहीतरी भलतंच. दोन संध्याकाळी मी सोल्डरिंग तपासलं, तारा बदलल्या. शेवटी दोघींची माहितीपत्रकं शेजारी ठेवली. दोघींचा पत्ता १०४.

पत्ता चिपेत बहुतांशी कारखान्यातच बसवलेला असतो. सात बिटांचे होतात १२८, त्यातले सोळा राखीव, उरले ११२. बाजारात चिपा किती तरी जास्त, तेव्हा एकाच पत्त्यावर दोन बिऱ्हाडं व्हायचीच. मी १०४ पुकारलं की दोघी ‘हजर’ म्हणत. आणि दोरी एकाने ओढली काय, दोघांनी ओढली काय, दिसते सारखीच. मग दोघी एकदम उत्तर देत : एक म्हणे ०१०१, दुसरी ००११, आणि माझ्या हाती ०००१. जिथे कुणीही एकीने ओढली तिथे शून्य. भांडण मिटवणारा नियम तोच, इथे त्यानेच दोघींचं बोलणं एकमेकीत मिसळून टाकलं.

सुटका सोपी निघाली. कल ओळखणाऱ्या चिपेला एक पाय याचसाठी दिलेला असतो. तो पुरवठ्याच्या तारेला जोडला की पत्ता होतो १०५. एक टाका, दोन मिनिटांचं काम. पुतण्याने घड्याळ उचललं, उलटं केलं, आकडे सुलट झाले. मग दिवसभर तो ते उलटंच ठेवत होता.